डोळा काढलेले कंद

आमच्या आईची देण्याची एक रीत होती. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, आणि दिलेलं उगवू द्यायचं नाही.

ठाण्याच्या वर्तकनगरला आम्ही तळमजल्यावर राहायचो. मागच्या बाजूला मोरीचं पाणी जायचं, तिथल्या ओलीवर आईनं रंगीत अळू लावलेलं. खायचं नव्हे, शोभेचं. नर्सरीवाले त्याला कॅलेडियम म्हणतात. पांढरंशुभ्र पान आणि त्यावर हिरव्या शिरा. एका वर्षी त्यातल्या एका कंदाला निराळीच पानं आली. पांढऱ्या पानावर, देठ जिथे जोडला जातो तिथे बरोब्बर टिकलीएवढा लाल ठिपका. आईनं तो कंद वेगळा काढला. मग दर हिवाळ्यात त्याची पिलं निवडायची, ज्याचा ठिपका फिका आला असेल ते फेकायचं, ठसठशीत असेल तेच ठेवायचं, असं सात-आठ वर्षं केलं तेव्हा कुठे पाटीभर कंद झाले. कॉलनीत त्याला कुंकवाचं अळू असं नाव पडलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका प्लॅस्टिकच्या वाट्या आणि कंगवे लुटायच्या. आई कंद लुटायची. त्या दिवसांत पानं झडून कंद झोपलेला असतो, सुकलेल्या बटाट्यासारखा दिसतो. पण वाण द्यायच्या आदल्या दुपारी आई सुरी घेऊन बसायची आणि प्रत्येक कंदाचा मधला मोठा डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, खुडून टाकायची. मी म्हटलं, "अगं, मग उगवणार कसं?" तर म्हणाली, "देतोय ना आपण? उगवून द्यायचा मक्ता घेतलाय का?"

गंमत अशी की पुढच्या पावसाळ्यात शेजारणींच्या दारात कुंड्या भरभरून कुंकवाचं अळू डोलायचं. आई खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "मेलीनं मागच्या दारानं चोरून नेलंन, दुसरं काय!" आणि आठ दिवस त्या बाईशी बोलायची नाही.

लग्न होऊन मी डोंबिवलीला आले ती त्या अळवाचे वीस कंद आणि आईचा संशयी स्वभाव, दोन्ही घेऊन. कंदांचे डोळे मात्र आईनं शाबूत ठेवले होते. लेक होते ना.

डोंबिवलीतही आम्हाला तळमजलाच मिळाला, पण मागे जेमतेम दोन हात जागा. कंद वाढायला लागले तेव्हा प्रश्न पडला की लावायचे कुठे. स्टेशनजवळच्या बाजारात एक मावशी केळीची पानं, दूर्वा, आघाडा घेऊन बसायच्या. पावसाळ्यात डालडाच्या डब्यांतून झाडंही विकायच्या. कोपरच्या पुढे खाडीच्या अंगाला त्यांचं घर. नवरा खाडीत जाळं टाकायचा, पण कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागल्यापासून जाळ्यात मासळीपेक्षा गाळच जास्त यायचा. घर चालायचं ते मावशींच्या टोपलीवर. घरामागे आंब्याच्या सावलीत त्यांची छोटी वाडी होती, भुसभुशीत माती, अळवाला अगदी हवी तशी.

आमचं अर्धेलीनं ठरलं. कंद माझे, मेहनत त्यांची. पावसाळ्यात वाढलेली झाडं त्यांनी विकायची. हिवाळ्यात उरलेले आणि नवे सगळे कंद माझ्याकडे आणायचे, कारण त्यांच्याकडे खाडीची दमट हवा आणि घुशींचा सुळसुळाट. मी ते माळ्यावर कोरड्या वाळूत ठेवायचे, उन्हाळ्याच्या शेवटी निम्मे त्यांना परत. ऐंशीच्या दशकातली शेवटची चार-पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. बाजारात त्यांना कुंकवाची मावशी म्हणूनच लोक शोधत यायचे. सवाष्णीला द्यायला, मंगळागौरीला, नव्या घरात जाताना न्यायला. मावशी मला बाय म्हणायच्या, टोपलीतून कधी चार कोलंब्या आणायच्या, आणि मी चहा केल्याशिवाय त्यांना सोडायचे नाही.

मग एका पावसाळ्यात बाजारात टेम्पो आला. ऑफिसातून येताना मी बघितलं आणि जागच्या जागी थिजले. टेम्पोत काळ्या पिशव्यांतून कुंकवाचं अळू. एक नाही, दोन नाही, ट्रेच्या ट्रे! सगळी झाडं एका उंचीची, एका तोंडवळ्याची, जणू रेशनच्या रांगेत उभी. पिशवी मावशींच्या डब्याच्या निम्म्या भावात. टेम्पोवाला म्हणाला, "टिश्यू कल्चर आहे मॅडम. कल्याणच्या पलीकडे लॅब आहे आमची. बाटलीत बनतं. एका कंदापासून हजारो."

"पण तो एक कंद तुम्हाला दिला कुणी?" मी विचारलं.

"ते साहेबांना माहीत," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मला काही कुणी सांगायची गरज नव्हती. वर्तकनगरच्या वाणाच्या कंदांना डोळेच नव्हते, ते उगवले कुठून, असा माझा हिशेब. म्हणजे आई सोडली तर डोळे असलेले कंद जगात दोनच ठिकाणी: माझ्याकडे आणि मावशींकडे. आई डोळ्यासकट कुणाला देणार नाही, आणि मी तर दिले नाहीत. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "अगं, डबा विकत घेतला की कंद आलाच की त्यात. कुणीही घेतला असेल." ह्यांचं नेहमीचं असं आहे, जगात कुणी चोरच नाही. मी म्हटलं, कुणीही गिऱ्हाईक लॅबला जाऊन देईल होय? लॅबवाला माणूस बाजारात येऊन बसणाऱ्या बाईलाच गाठणार ना?

खरं तर ह्यांचं म्हणणं सरळ होतं. पण माझ्या डोक्यात एकदा किडा शिरला की शिरला.

त्या दिवसापासून मी मावशींवर पाळत ठेवायला लागले. बाजारातून जाताना उगाच दहा मिनिटं लांब उभी राहायचे. टेम्पोवाला त्यांच्याशी बोलतो का, हसतो का. एकदा त्यानं त्यांच्याकडून पाण्याचा तांब्या घेतला, तर माझी खात्रीच पटली. त्या भेटल्या की मी हटकून टेम्पोचा विषय काढायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचे. मावशी म्हणायच्या, "काय सांगू बाय, पोटावर आला गो त्यो माज्या." मला वाटायचं, बघा कसं नाटक करते. चहा मी तेव्हाही करायचे, पण आधी अख्खं दूध घालायचे ते निम्म्यावर आणलं. असली मी.

शिवाय बाटलीतल्या झाडांवरही माझा विश्वास नव्हता. दोन पिशव्या विकत घेतल्या आणि आमच्या मागच्या जागेत, माझ्या सहा कुंड्यांपासून वेगळ्या लावल्या. रोज जाऊन पानं उलटी करून बघायचे. झाडं दिसायला झकास, पण पान हाताला पातळ लागायचं. आणि एकाच्या दोन पानांवर ठिपका मधोमध नव्हता, बाजूला सरकलेला. मी मनात म्हटलं, थांब, तुझं पितळ उघडं पाडते.

हिवाळ्यात पानं झडल्यावर ते दोन्ही कंद उकरले. आपल्या कंदात आणि त्यांच्यात आत काही फरक आहे का ते बघायला, मोरीच्या कट्ट्यावर बसून सुरीनं त्यांच्या फोडी केल्या. आत काय दिसणार, कप्पाळ! पांढरा गर आणि चिकट पाणी. फोडी केरात टाकल्या.

आणि त्याच बैठकीत, सुरी हातात होतीच, माझी नजर मावशींच्या पाटीकडे गेली. त्या सकाळीच आपले सगळे कंद ठेवायला देऊन गेल्या होत्या. माझ्या मनात आलं, यंदा देऊ, पण आईच्या रीतीनं देऊ. बघू कसे विकते पुन्हा लॅबवाल्याला. आणि एकेक करून पाटीतल्या प्रत्येक कंदाचा डोळा मी खुडून काढला. संध्याकाळपर्यंत बसले होते. राग असा काही मदतीला येतो की हात दुखत नाही. माझ्या सहा कुंड्यांतल्या कंदांना मी सुरी लावली नाही, ते तसेच वेगळ्या डब्यात ठेवले.

उन्हाळ्याच्या शेवटी मावशी न्यायला आल्या. एक कंद उचलून त्यांनी अंगठा फिरवला.

"डोला कुनी काढला, बाय?"

"किडले होते," मी म्हटलं. खोटं बोलताना माझा आवाज नेहमी शिस्तीत येतो.

मावशी हसल्या. "बरा केलास. मधला डोला काढला का बाजूचं धा डोलं जागं व्हतात. झार कसा गच्च येतं. मी करनारच व्हतं."

इतक्या वर्षांत आईला हे ठाऊक नव्हतं! शेजारणींच्या भरगच्च कुंड्या, त्या चोऱ्या, ते आठ-आठ दिवसांचे अबोले, सगळं आईच्याच सुरीनं केलेलं. पण मी हसले नाही. मला वाटलं, हिनं माझा डाव ओळखला आणि वर मलाच चिडवतेय. संशयी माणसाला कुणी सरळ बोललं तरी त्यात वाकडं सापडतं.

त्या पावसाळ्यात बाजारात भलतंच घडलं. लोकांनी आदल्या वर्षी टेम्पोतून नेलेली झाडं पुन्हा उगवली ती बऱ्याच जणांकडे नुसती पांढरी-हिरवी. ठिपका गायब. काहींच्या पानांवर तर चुरगळल्यासारख्या वळ्या आणि पिवळट चट्टे. आता पांढरं अळू काही वाईट दिसत नाही. पण कुंकवाचं म्हणून सुनेला दिलेलं झाड, आणि वर्षानं त्याचं कुंकू पुसलेलं! बायका खवळल्या. टेम्पो तोवर दुसऱ्या झाडांकडे वळला होता, बाजारात येईनासा झालेला. मग सगळ्या मिळून कुणाकडे आल्या? कुंकवाच्या मावशीकडे. एकीनं तर ऑफिसच्या गर्दीत मावशींच्या टोपलीपुढे कुंडी आदळली. "शुभकार्याला असलं झाड देता, लाज नाही वाटत?"

"ये माजा न्हवं," मावशी म्हणत होत्या. "बाटलीवाल्याचा हाय. माजा झार बगा येऊन. पंधरा दिस थांबा, माज्या वारीत कुकवाबिगर येक पान दिसला तर बाजार सोरीन मी."

हे त्यांनी चारचौघांत सांगितलं. मी तिथेच भाजी घेत होते. त्यांची बाजारातली जागा, पंचवीस वर्षांचं नाव, सगळं त्या वाडीतल्या झाडांवर पणाला लागलं होतं.

पंधरा दिवसांनी मी कोपरला गेले. आंब्याखाली वाफे होते आणि झाडं खरोखरच गच्च आलेली. पण पान एक धड नाही. सगळीकडे त्याच वळ्या, तेच पिवळट चट्टे, आणि लाल ठिपका विटलेल्या पिंजरीसारखा पसरलेला. मावशी वाफ्याच्या कडेला बसल्या होत्या. रडत नव्हत्या. पानं मोडून मोडून एका बाजूला ठेवत होत्या.

"त्या मेल्याच्या झारांची साथ माज्या वारीत कशी आली गो?" एवढंच म्हणाल्या. घरी येऊन मागच्या दाराशी गेले. माझ्या सहा कुंड्या स्वच्छ, निरोगी, टिकली लावल्यासारख्या. मी मागचं दार लावून घेतलं.

रविवारी ठाण्याला आईकडे गेले. जेवताना सहज म्हटलं, कुणीतरी आपलं अळू लॅबला विकलंय. आई आमटी वाढत होती. म्हणाली, "विकलं कसलं! समोरच्या ब्लॉकमधलीचा जावई आहे ना त्या लॅबमध्ये, तो आला होता मागायला दोन वर्षांपूर्वी. नाही कसं म्हणायचं? दिला एक कंद. पण मी काय खुळी आहे? डोळा काढून दिलाय! काय उगवणार त्याला?"

मला ठसका लागला. आई पाठीवर थोपटत होती आणि मला मात्र दिसत होतं ते मावशींचं तोंड. पोटावर आला गो त्यो माज्या, असं सांगताना होतं ते. किती खरं बोलत होती बाई. आणि मी वर्षभर तिच्यावर डोळा ठेवून. लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

आता भरपाई करायची म्हणून मी कामाला लागले. आमच्या वरच्या मजल्यावर शेतकी कॉलेजातले एक सर राहायचे. त्यांना गळ घातली. म्हटलं, बाजारात एका बाईचं नाव खराब होतंय, तुम्ही येऊन बघा आणि दोन ओळी लिहून द्या की दोष बाटलीतल्या झाडांचा आहे. म्हणजे मावशी तो कागद दाखवतील आणि लोक गप्प बसतील. मला मनापासून वाटत होतं की मी फार चांगलं काम करतेय.

सर आले. वाफ्यात उकिडवे बसून त्यांनी पानं उजेडाकडे धरली. म्हणाले, बाटलीत घाईघाईनं, मोजमाप न ठेवता झाडं वाढवली की असा ठिपका टिकत नाही, हजारांत कित्येक मूळपदावर जातात. तुमच्यासारखं दर वर्षी निवडत बसायला त्यांना वेळ कुठला? आणि एका झाडात रोग शिरला असेल तर तो सगळ्या बाटल्यांतून गावभर जातो. मी मान डोलावत होते. मनात म्हटलं, लिहा, हेच लिहा.

मग ते थांबले. "पण ही झाडं तर बाटलीची नाहीत म्हणता?"

"नाय," मावशी म्हणाल्या. "जुन्या कांद्यांची हायेत."

"मग रोग आला कसा? किडीनं आला असता तर एका कोपऱ्यातून हळूहळू पसरला असता. हा एकजात सगळ्यांना आहे, म्हणजे कंदातूनच आलाय." त्यांनी एक झाड उपटलं, कंद पुसला आणि मधल्या खळग्यावर नख टेकवलं. "हे कापलेत ना? रोगट झाड कापलेली सुरी न धुता यांना लावली असणार. रस लागला की झालं. कापले कुणी हे?"

मोरीचा कट्टा डोळ्यांपुढे आला, त्या दोन फोडी, चिकट पाणी आणि पाटीभर कंद.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. नीट, सावकाश बघितलं. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "मीच कापलं. माज्या कोयतीनं."

सर म्हणाले, "मावशी, मग मी कागद कसा देऊ? हे सगळं उपटून जाळा. आणि दोन-तीन वर्षं इथे अळू लावू नका." हात धुऊन ते निघाले. त्यांना गाडी गाठायची होती.

आम्ही दोघीच उरलो. मावशींनी झाडं उपटायला सुरुवात केली. मीही वाकले, तर त्यांनी मला हातानं बाजूला केलं.

"मावशी, मी कापले होते," मी म्हटलं. "मला वाटलं होतं तुम्ही लॅबवाल्याला कंद विकलात. म्हणून मुद्दाम कापले."

"ठावं हाय मना." त्या थांबल्या नाहीत. "वरसभर मना बाजारात लांबशी बगत उबी रावतस. मना काय दिसत नाय?"

"मग सरांपुढे खोटं का बोललात?"

"त्यो परका मानूस. त्याच्याम्होरं तुजा नाव काय घेवाचा?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, रिक्षा करून मी माझ्या सहाही कुंड्या कोपरला घेऊन गेले. रस्त्यात ठरवलं होतं काय काय बोलायचं ते. ही घ्या, बाजारात मांडा, लोकांना दाखवा, जागा सोडू नका. कुंड्या मी त्यांच्या ओट्यावर ओळीनं ठेवल्या. नवरा जाळं विणत बसला होता, त्यानं कौतुकानं बघितलं. मावशी बाहेर आल्या, पदराला हात पुसले. कुंड्यांकडे बघितलं तेव्हा क्षणभर त्यांचा चेहरा उजळला हे मी स्वतः पाहिलं. एका पानावरून त्यांनी बोट फिरवलं.

"लय बेस आलीत," म्हणाल्या. "घेऊन जा बाय परत. तुज्याकरची वस्तू आता मना नको."

आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. रिक्षावाला अजून वळलाही नव्हता. मावशींनीच त्याला हाक मारली, आणि सहाच्या सहा कुंड्या उचलून, एकही पान दुमडू न देता, माझ्या पायांशी नीट लावून दिल्या.